लाल कुठली, काळी कुठली

गाडी बंद पडली की मेकॅनिक यायला वेळ लागतो; सल्ला मात्र बोनेट उघडायच्या आत हजर असतो. ऐन पावसात आमच्या गाडीने सेल्फ मारल्यावर नुसतं ‘खट्’ केलं आणि पार्किंगमधून एकमुखाने निदान आलं, “बॅटरी बसली!” निदान बरोबर होतं. पुढे जे झालं त्याचं श्रेय तळमजल्यावरच्या काकांचं.

काकांकडे जंपर केबल होती, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीतून करंट उसना घ्यायची चिमटेवाली वायर. उन्हाने तिची लाल वायर विटली होती, धुळीने काळी विटकरी झाली होती. आमच्या बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा थर चढल्यामुळे अधिक-उण्याच्या खुणाही गायब.

“काका, फडक्याने पुसून बघू का?”

“अरे, जन्मभर इंजिनिअरिंग केलंय मी!”

ते पूल बांधायचे, हे मला नंतर काकूंकडून कळलं.

पद्धत खरं तर सोपी आहे. लाल चिमटा आधी बसलेल्या बॅटरीच्या अधिकला, मग चांगल्या बॅटरीच्या अधिकला. काळा चांगल्या बॅटरीच्या उण्याला आणि शेवटचा चिमटा बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. कारण बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटचा चिमटा हमखास ठिणगी पाडतो. काकांनी चारही चिमटे स्वतःच्या मताने लावले. जोरात ठिणगी उडाली. “बघ, करंट येतोय,” काका म्हणाले. जळक्या रबराचा वास सुटेपर्यंत तो येतच राहिला.

नवी बॅटरी टाकल्यावर इंजिन लागलं, पण बाकी सगळ्यांनी राजीनामे दिले होते. वायपर बंद, टेप बंद, आणि ड्रायव्हरची काच अर्ध्यावर उतरून अडकलेली. हॉर्न तेवढा शाबूत! पुण्यात हॉर्न कशानेही जात नाही. उजवी बाही ओली आणि डावी कोरडी अशा अवस्थेत मी ऑफिसला जाऊ लागलो. तिथे कोणी कारण विचारलं नाही, हे जास्त लागलं.

मग फ्यूजची डबी उघडली. झाकणाच्या आत नकाशा असतो, पण तो वाचण्यासाठी मोबाईलवर फोटो काढून मोठा करावा लागतो. तिथेच फ्यूज उपटायचा इवलासा प्लास्टिकचा चिमटा अडकवलेला असतो, हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. लाल फ्यूज 10 अँपियरचा, निळा 15चा, पिवळा 20चा, हिरवा 30चा. उजेडात धरला की आतली वळलेली पट्टी दिसते. तुटून तिथे काळा डाग पडला असेल तर तो गेला. बरेच गेले होते. बदलल्यावर काच कुरकुरत वर गेली आणि घरात गोडाचा शिरा झाला.

शिरा पचायच्या आत नवी बॅटरीही बसली.

एका चकचकीत गॅरेजमध्ये लॅपटॉप जोडून “ईसीएम गेलाय सर” असं सांगितलं गेलं. ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर. आकडा ऐकून मी गाडीपेक्षा आधी बंद पडलो. शेवटी नाना पेठेतल्या एका म्हाताऱ्या वायरिंगवाल्या मामांकडे गेलो. काकाही आले, त्यांना एकटं पाठवणं जमत नाही. मामांनी इंजिन चालू ठेवून बॅटरीला मीटर लावला. 14च्या आसपास व्होल्ट हवेत. काटा 12च्या पुढे सरकेना.

“डायनामो चार्जिंग देत नाही. उलटी बॅटरी लावली होती का कुणी?”

काका समोरच्या दुकानाची पाटी वाचू लागले.

मामांनी अल्टरनेटर, म्हणजे त्यांच्या भाषेतला डायनामो, उघडून डायोड प्लेट हातात दिली. डायोड म्हणजे लक्ष्मी रोड: करंटने एकाच दिशेने जायचं. एरवी तो बॅटरीचा करंट अडवतो; बॅटरी उलटी लागली की तिला नेमकी तीच मोकळी दिशा मिळते, सगळा लोंढा एकदम घुसतो आणि डायोड जळतात. असं होऊ नये म्हणून आधी मेन फ्यूज उडायला हवा. तो का उडाला नाही, म्हणून मामांनी बॉक्स उघडला. फ्यूजच्या जागी जाड तांब्याची तार पिळून बसवलेली! गाडी सेकंडहँड. आधीच्या मालकाने फ्यूजचे पैसे वाचवले होते.

“हा बघा, हा खरा गुन्हेगार,” काका पहिल्यांदा मोकळेपणाने बोलले.

नवी डायोड प्लेट बसली, तारेच्या जागी खरा फ्यूज आला, मीटरचा काटा 14.2वर गेला. मामांनी घेतलेले पैसे ईसीएमच्या आकड्यापुढे सुट्टे होते. गाडी आता ठीक आहे. टेप तेवढा चार आकडी कोड मागतोय, कारण मधे त्याची वीज गेली होती. कोडचं कार्ड त्याच तांब्याच्या तारेवाल्या मालकाकडे, आणि चुकीचा कोड टाकला की टेप काही वेळ रुसून बसतो.

“एकूण शक्यता दहा हजारच आहेत,” काका म्हणाले आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसून 0000पासून सुरू झाले.