सरकारने हरित कागद घेऊ नये, हरित वीज तयार करावी

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे. पण वीजबिल भरणाऱ्या प्रत्येकाचा संबंध आहे म्हणून लिहितोय.

वीज कंपनी जेवढी वीज विकते, त्यातला ठरावीक हिस्सा सूर्य, वारा, पाणी अशा अक्षय स्रोतांचा असावा असं बंधन आहे. त्याचं मूळ २००३ च्या वीज कायद्यात. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्राने नवे आकडे जाहीर केले: २०२४-२५ साठी २९.९१ टक्के, आणि दरवर्षी वाढत २०२९-३० ला ४३.३३ टक्के. महावितरण सरकारी मालकीची, म्हणजे ही जबाबदारी शेवटी सरकारचीच.

हिस्सा भरला नाही तर? तर बाजारातून अक्षय ऊर्जा प्रमाणपत्रं घेता येतात. आरईसी म्हणतात ती हीच. २०१० ला ही पद्धत आली, २०११ पासून वीज बाजारात त्यांची खरेदी-विक्री सुरू झाली. १००० युनिट अक्षय वीज तयार झाली की एक प्रमाणपत्र. वीज साध्या विजेसारखी एकाला विकायची, तिचं हरितपण दुसऱ्याला. म्हणजे रावेरच्या केळीचा घड एकाने न्यायचा आणि ‘जळगावची केळी’ हे नाव तिसऱ्याच गावच्या व्यापाऱ्याने आपल्या मालावर लावायचं.

एखाद्या कारखान्याकडे जागा नाही, त्याने प्रमाणपत्र घेतलं तर मी समजू शकतो. सरकारने त्यावर भागवू नये, असं माझं ठाम मत आहे. सरकारकडे सौर पॅनेल बसवायला छपरं आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळा, आरोग्य केंद्रं, तहसील कचेऱ्या, बाजार समित्यांची गोदामं. आणि आमच्या खानदेशात ऊन तर विचारूच नका, भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ च्या वर जातो. (फार तापलं की पॅनेलचं उत्पादन थोडं घटतं हे खरं, पण हिशोब वर्षभराच्या उन्हाचा करायचा असतो.) सरकारला जमत नाही असंही नाही. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीने, म्हणजे राज्य सरकारच्याच वीजनिर्मिती कंपनीने, १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ मध्येच उभा केला. त्याच तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरताहेत.

मी आधी छपरं म्हणतो, त्यालाही कारण आहे. वीज प्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी विखरणच्या एका वयोवृद्ध शेतकऱ्याने जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष घेतलं, त्यात त्यांचा जीव गेला. धुळे जिल्हा ते विसरलेला नाही. शाळेच्या छपरासाठी कुणाचं शेत घ्यावं लागत नाही.

कुणी म्हणेल, “भाऊ, कागद का असेना, पैसा सौरवाल्यालाच जातो ना?” जातो. पण किती? सुरुवातीला सौर प्रमाणपत्राचा किमान भाव १२,००० रुपये होता, त्या काळी त्यातून प्रकल्पाला खरंच आधार मिळत होता. पुढे वीज कंपन्यांनी बंधन पाळलं नाही, लाखो प्रमाणपत्रं विक्रीविना पडून राहिली. डिसेंबर २०२२ पासून तर किमान भावाची अटच रद्द केली, आणि प्रमाणपत्राची मुदतही काढून टाकली, विकलं जाईपर्यंत ते चालतं. म्हणजे दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या राज्यात पडलेल्या उन्हाचा कागद आजच्या हिशोबात बसू शकतो. कागदाला ना वेळ आहे ना ठिकाण. यावलचा शेतकरी रात्रपाळीच्या विजेवर केळीला पाणी द्यायला बिबट्याच्या भीतीत बांधावर जातो, दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात कोळसा जळतच असतो, आणि कागदावर मात्र टक्के पूर्ण दिसतात. त्या शेतकऱ्याला दिवसा वीज हवी. ती गावाजवळच्या सौर फीडरवरून (सौर प्रकल्पाला जोडलेल्या शेतीच्या वीजवाहिनीवरून) येईल, प्रमाणपत्रातून कशी येणार?

अमेरिकेच्या केंद्र सरकारने यात एक गोष्ट चांगली केली. २००५ च्या कायद्याने तिथल्या सरकारी खात्यांना २०१३ पासून ७.५ टक्के वीज अक्षय स्रोतांची घेणं बंधनकारक झालं. प्रमाणपत्रं तिथेही चालतात, पण सरकारी जागेवर तयार करून तिथेच वापरलेली वीज दुप्पट धरतात. आपल्याकडे २०२३ च्या नियमात छोट्या, विखुरलेल्या प्रकल्पांसाठी वेगळा हिस्सा आहे, २०२४-२५ ला १.५ टक्के आणि २०२९-३० ला ४.५. दिशा बरोबर आहे, आकडा फार लहान आहे.

महावितरणचा दरप्रस्ताव राज्य वीज नियामक आयोगापुढे येतो तेव्हा कोणीही ग्राहक लेखी हरकत देऊ शकतो. यावेळी मी देणार आहे. दोन गोष्टी मागणार: प्रमाणपत्रांवर किती रुपये गेले आणि त्यातले किती आमच्या बिलात आले हे वेगळ्या ओळीत दाखवा; आणि पुढच्या वर्षी तेवढीच रक्कम जळगाव, धुळे, नंदुरबारच्या सरकारी छपरांवर लावा. ज्यांना सही करायची असेल त्यांनी खाली तालुक्याचं नाव लिहा, मसुदा पाठवतो.