‘भारतीयाला स्वसंरक्षणाचा हक्कच नाही’ हे खोटं आहे

मोबाइलवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरत येतो. त्याचं म्हणणं असं: १८७८ साली इंग्रजांनी एका कायद्याने भारतीयांची शस्त्रं काढून घेतली. गांधीजींनी त्या कायद्याला सर्वांत काळं कृत्य म्हटलं, म्हणजे त्यांनाही घरोघरी बंदूक हवी होती. स्वतंत्र भारताने मात्र तोच कायदा गुपचूप चालू ठेवला आणि म्हणून आज कुणी अंगावर आलं तर मुकाट मार खायचा. यातलं पहिलं विधान अर्धं खरं आहे आणि त्याच्याच जोरावर बाकीचं खपून जातं. मला खरी भीती शेवटच्या वाक्याची वाटते, कारण ते वाचून माणूस हातात असलेला हक्कसुद्धा विसरतो.

शस्त्रबंदी १८७८ ची नाही, तिची सुरुवात १८५७ ची आहे. उठावाच्या वर्षीच शस्त्रं जमा करण्याचा कायदा आला आणि १८६० मध्ये दुसरा. आजच्या कर्नाटकातल्या मुधोळ या घोरपड्यांच्या संस्थानात हलगली नावाचं गाव होतं, आजही आहे. तिथल्या बेडर जमातीच्या लोकांनी हत्यारं द्यायला साफ नकार दिला. नोव्हेंबर १८५७ मध्ये फौज आली, गाव जाळलं गेलं, कित्येक जणांना फाशी झाली. त्यांच्यावरच्या कन्नड लावण्या, म्हणजे तिथले पोवाडे, त्या मुलखात आजही गायल्या जातात. शस्त्र काढून घेणं म्हणजे काय, हे कलमांपेक्षा या गावाकडे पाहून नीट कळतं. व्हाइसरॉय लिटनच्या १८७८ च्या कायद्याने ही बंदी देशभर पक्की केली आणि त्याखाली युरोपियनांना सूट दिली. चीड होती ती या भेदभावाची. १८८७ च्या मद्रास काँग्रेसमध्ये या कायद्याविरुद्ध ठराव झाला, तो याच रागातून.

आता गांधीजी. ते वाक्य त्यांचंच आहे, त्यांच्या आत्मकथेत आहे. पण ते मूळचं १९१८ च्या एका पत्रकातलं. खेडा जिल्ह्यात ते पहिल्या महायुद्धासाठी सैन्यभरती करत होते. त्याच पत्रकात पुढे त्यांनी लिहिलं की शस्त्रबंदी उठावी असं वाटत असेल, शस्त्र चालवायला शिकायचं असेल, तर ही संधी आहे. मध्यमवर्गाने सरकारला अडचणीच्या वेळी मदत केली की अविश्वास जाईल आणि बंदी उठेल. एवढा संदर्भ कापून टाकला की त्या वाक्यातून हवा तो अर्थ निघतो.

‘गुपचूप’ हा शब्द तर सरळ चुकीचा आहे. १९३१ च्या कराची ठरावात काँग्रेसने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला होता. डिसेंबर १९४८ मध्ये सदस्य ह. वि. कामत यांनी तोच हक्क घटनेत घालण्याची दुरुस्ती संविधान सभेत मांडली. डॉ. आंबेडकरांनी सर्वांसमक्ष उत्तर दिलं: वाटेल त्याने बाजारात जाऊन हत्यारं विकत घ्यावीत आणि राज्याने पाहत राहावं, असा कारभार चालणं शक्य नाही, आग्रह धरायचा तर शस्त्र धरण्याच्या कर्तव्याचा धरावा. दुरुस्ती फेटाळली गेली. आंबेडकरांचं म्हणणं कुणाला पटो न पटो, चर्चा उघड झाली. पुढे १९५९ मध्ये १८७८ चा कायदा रद्द करून नवा केला गेला. परवाना लागतो, हे खरं. पण त्या कायद्याने ‘शस्त्रा’ची व्याख्या करताना घरगुती आणि शेतीच्या वस्तू वगळल्या आहेत आणि उदाहरण म्हणून नाव घेतलंय लाठीचं. आजोबांच्या दाराआडची काठी कायद्याच्या लेखी शस्त्र नाही.

आणि मार खाण्याबद्दल. स्वसंरक्षणाचा हक्क १८६० च्या दंडसंहितेतच होता, कलम ९६ ते १०६. विचित्र वाटेल, पण ज्या राजवटीने शस्त्रं काढून घेतली तिच्याच संहितेचा मसुदा करताना मेकॉले या इंग्रज अधिकाऱ्याच्या कायदेमंडळाने (लॉ कमिशनने) लिहिलं होतं की या हक्कावर बंधनं वाढवण्यापेक्षा इथल्या लोकांमध्ये हिंमत जागवणं आम्हाला हवंय. १ जुलै २०२४ पासून हीच कलमं दंडसंहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ अशी आहेत. जीव जाण्याची किंवा गंभीर दुखापतीची रास्त भीती असेल, बलात्काराचा, अपहरणाचा, ॲसिड फेकण्याचा हल्ला असेल, तर हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा ठरत नाही. दुसऱ्याला वाचवतानाही हा हक्क आहे. सूर्यास्तानंतर घरफोडी करणाऱ्याबाबतही तो तितक्याच टोकाला जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली पंजाबमधल्या एका खटल्यात म्हटलं की कायदा पाळणाऱ्या माणसाने धोक्यासमोर भ्याडासारखं वागावं अशी अपेक्षा नाही.

हद्द मात्र आहे. धोका टळला की हक्क संपतो. पळून चाललेल्याला गाठून मारलं, पोलिसांकडे जायला पुरेसा वेळ असूनही हात उचलला, किंवा गरजेपेक्षा जास्त इजा केली, तर हे संरक्षण मिळत नाही.