साहेबांना खिशात घालण्याचा सोपा उपाय

पूर्वी साहेबांना खिशात घालायचं म्हणजे कोण कटकट! दिवाळीला फराळाचा डबा पोचवा, मुलाच्या मुंजीला आहेर करा, शिवाय वर्षभर त्यांच्या विनोदांवर हसा. आता एचआरचा एक मेल येतो, त्यातली लिंक दाबायची, कंपनीचं ॲप तुमच्या फोनमध्ये उतरतं आणि साहेब कायमचे खिशात. मेलचा विषय असतो 'तुमच्या सुरक्षिततेसाठी'. शुक्रवारपर्यंत ॲप घातलं नाही, तर सोमवारपासून ऑफिसचा मेल आणि मीटिंगा बंद. सक्ती मुळीच नाही. फक्त काम करता येणार नाही, आणि काम केलं नाही तर काय होतं हे तुम्हाला ठाऊकच आहे.

तेव्हा लिंक दाबा, आणि फोन कुणाचा हा प्रश्न मनातही आणू नका. हप्ते तुम्ही भरता, रिचार्ज तुमचा, काच फुटली तर दुरुस्तीवाल्याशी घासाघीस तुम्हीच करणार. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायला मनाचा मोठेपणा लागतो, तो दाखवायची संधी रोज येत नाही. कंपनीने फोन द्यावा, असं म्हणणारे लोक फार पुढे जात नाहीत. आपल्या अंगणवाडी सेविकांचंच बघा. त्यांना तर सरकारने फोन दिलाही होता. दोन जीबी रॅमचा, तापणारा, अडकणारा आणि वर पोषणाच्या नोंदी भरायचं सरकारी ॲप, पोषण ट्रॅकर, इंग्रजीत. ऑगस्ट २०२१ मध्ये हजारो सेविकांनी ते फोन सरकारला परत नेऊन दिले. मग काय, ॲप स्वतःच्या फोनवर घ्या, असा तगादा सुरू झाला. त्यांना पगार मिळत नाही, 'मानधन' मिळतं, कारण त्या कर्मचारी नाहीत. ॲप घालण्यापुरत्या मात्र आहेत.

ॲप घालताना मध्येच एक पाटी येते. ती वाचू नका, थेट खाली जाऊन 'ॲक्टिव्हेट' दाबा. वाचलीत तर उगाच झोप उडेल. जुन्या पद्धतीच्या ॲपमध्ये कंपनी 'डिव्हाइस ॲडमिन' होते आणि तिला काय काय करता येईल, ते तिथे स्वच्छ लिहिलेलं असतं. स्क्रीन लॉक करणं, लॉक बदलणं, पासवर्ड कसा असावा ते ठरवणं, आणि फोनमधलं सगळं पुसून टाकणं. 'पूर्वसूचना न देता' हेही त्यातच आहे. ते गूगलने प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय, कंपनीला लाज वाटून नव्हे. पासवर्ड किती वेळा चुकला याचीही मोजदाद होते, आणि फार वेळा चुकला तर फोन साफ करता येतो. म्हणजे घरातल्या चार वर्षांच्या पोराने कार्टून बघायला म्हणून बटणं बडवली, की बारशाचे फोटो, आईचे व्हॉट्सॲपवरचे आवाज, सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावत्या, सगळं गंगार्पण. पण कंपनीचा डेटा सुरक्षित राहिला ना! पोराला त्याच दिवशी माहिती-सुरक्षेचा पहिला धडाही मिळाला.

एक चूक मात्र हमखास टाळा. आयटीवाल्याला 'वर्क प्रोफाइल चालेल का?' असं विचारू नका. २०१४ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ५ पासून ही सोय आहे. ऑफिसची ॲपं वेगळ्या कप्प्यात जातात, त्यांच्या चित्रावर छोटीशी ब्रीफकेस दिसते. कंपनीला त्या कप्प्याबाहेरचे तुमचे फोटो दिसत नाहीत, पुसायची वेळ आली तर तेवढाच कप्पा पुसला जातो. आयफोनवरही २०१९ पासून असाच काहीसा मार्ग आहे. वाईट म्हणजे, संध्याकाळी एक बटण दाबून तो अख्खा कप्पा बंद करता येतो. साहेबांना सात वाजता बंद करायचं? हे काय संस्कार झाले?

हजेरीच्या ॲपलाही असाच मोकळ्या मनाने प्रवेश द्या. गेटवर सेल्फी काढायचा, लोकेशन द्यायचं. फोन विचारतो, 'ॲप वापरत असतानाच, की नेहमी?' नेहमी म्हणा. रविवारी तुम्ही सासुरवाडीला आहात की दुसऱ्या कंपनीच्या मुलाखतीला, याची काळजी घरच्यांपेक्षा कंपनीला जास्त असते. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली. पण घड्याळ काढून खुंटीला तरी लावता येतं. फोन खुंटीला लावलात तर बँकेचा ओटीपी कोण घेणार?

मालकांना ही सवय लागली, यात त्यांचा दोष नाही. १ मे २०२० रोजी, म्हणजे साक्षात कामगार दिनी, केंद्राच्या आदेशाने सरकारी-खासगी सगळ्या कर्मचाऱ्यांना आरोग्य सेतू हे कोरोनाचं ॲप सक्तीचं केलं आणि शंभर टक्के फोनांत ते घालून घेण्याची जबाबदारी संस्थाप्रमुखांवर टाकली. १७ मेच्या आदेशात तेच 'शक्य तेवढे प्रयत्न करा' इथवर मवाळ झालं. पण कर्मचाऱ्याच्या फोनमध्ये हात घालता येतो, हे एकदा कळलं ते कळलं.

कायद्याची भाषा करणारा एखादा सहकारी भेटेलच. तो सर्वोच्च न्यायालयाचा २४ ऑगस्ट २०१७ चा निकाल सांगेल, नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपण मूलभूत हक्क ठरवलं म्हणेल. त्याला चहा पाजा आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचं कलम ७ दाखवा. नोकरीच्या कारणासाठी किंवा मालकाचं नुकसान टाळण्यासाठी तुमची माहिती वापरायला संमतीची गरज नाही, अशी तरतूद तिथे आहे. म्हणजे 'मला मान्य आहे' ही चौकट कंपनी निव्वळ सौजन्य म्हणून दाखवते. लग्नाचा अल्बम 'नोकरीच्या कारणात' बसतो का, हे वकिलाला विचारायचं तर सुट्टी टाकावी लागेल, आणि सुट्टी त्याच ॲपवरून टाकायची असते. सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याच्या हक्काचं विधेयक लोकसभेत मांडलं होतं, हेही तो सांगेल. घाबरू नका. ते खासगी विधेयक होतं, म्हणजे सरकारने नव्हे तर एका खासदाराने मांडलेलं, आणि १९७० नंतर एकही खासगी विधेयक दोन्ही सभागृहांतून पार झालेलं नाही.

एवढ्यावर तो गप्प बसला नाही, तर 'कर नाही त्याला डर कशाला' हे हुकमी वाक्य टाका. (हे वाक्य मी ज्यांच्या तोंडून ऐकलंय, त्यांच्याजवळ बहुतेक वेळा दोन फोन असतात. एक कंपनीने दिलेला.)

राजीनामा द्यायचं ठरलं, तर आधी बॅकअप वगैरे घेऊ नका, अविश्वास दिसतो. शेवटच्या दिवशी आयटीमधून कुणीतरी तुमच्या नावापुढचं 'वाइप' दाबेल. त्यात कप्पा जातो की अख्खा फोन, हे तुम्हाला घरी जाताना रिक्षावाल्याला पैसे देऊ लागलात की कळेल. तोवर एचआरच्या टेबलावर फॉर्म भरायचा असतो. लॅपटॉप, चार्जर, ओळखपत्र, ड्रॉवरची किल्ली, प्रत्येकापुढे 'परत मिळाले' अशी सही. फोनसाठी त्यात रकाना नाही. विचारलंत तर एचआरच्या मॅडम गोड हसून सांगतील, "नाही सर, फोन तर तुमचा पर्सनल आहे."