कारवी संपली नाही, कपाटात दिसत नाही एवढंच

‘गोव्याच्या डोंगरांतून कारवी नामशेष होतेय, हर्बेरियमच्या नोंदीच सांगतात’ असा फॉरवर्ड सध्या आमच्या सत्तरी तालुक्यातल्या ग्रुपांवर फिरतोय. हर्बेरियम म्हणजे वाळवून कागदावर चिकटवलेल्या झाडांच्या नमुन्यांचा संग्रह. सोबत आलेख, ठिपक्यांचा नकाशा आणि जांभळ्या डोंगराचा फोटो. फोटोचं आधी उरकतो. तो मुन्नारच्या नीलकुरिंजीचा आहे. ती बारा वर्षांनी फुलते, २००६ नंतर थेट २०१८ला फुलली. कारवीच्या भावकीतलीच, पण झाड वेगळं.

आलेखाचा दावा असा की नोंदी एखाद्या वर्षी भरपूर येतात, मग कित्येक वर्षं एकही नाही. म्हणजे झाडं मेली. इथेच सगळा घोळ आहे. कारवी सात वर्षं नुसती पानं घेऊन उभी राहते आणि आठव्या वर्षी अख्खा उतार एकदम फुलतो. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात ती २००८, २०१६ आणि २०२४ला फुलली. हर्बेरियमसाठी गोळा करणारा माणूस फुलाफळांची फांदी शोधतो, कारण ओळख पटते ती त्यावरून. बिनफुलाची खरबरीत पानं वाळवून कागदावर चिकटवायला क्वचितच कुणी घेतो. म्हणजे मधली कोरडी वर्षं संग्राहकाची आहेत, झाडाची नव्हेत. फुलून बी धरलं की कारवी खरोखरच मरते, हे मात्र मान्य. त्या वर्षीचा करडा, वाळका उतार पाहून कुणालाही धसका बसेल. पण पुढच्या पावसात त्याच जागी रोपांची दाटी होते.

‘कार्विया कॅलोसा या जातीची नवी नोंदच नाही’ हे वाक्य तर गमतीचं. ते कारवीचंच एक शास्त्रीय नाव. नेस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८३२मध्ये या झुडपाला स्ट्रोबिलँथिस कॅलोसा म्हटलं, ब्रेमेकँप या दुसऱ्या अभ्यासकाने १९४४मध्ये ते कार्विया या वेगळ्या गटात हलवलं, पुढे ते परत स्ट्रोबिलँथिसमध्ये आलं. एकाच नावाने शोधलं तर दुसऱ्या नावाखालचे कागद दिसणारच नाहीत. शिवाय जे कागद अजून स्कॅनच झालेले नाहीत, ते ऑनलाइन कुठून दिसणार?

नकाशावरचे ठिपके घाटरस्त्याला चिकटलेले आहेत, कारण माणसं तिथवर गाडीने जातात. नमुन्याच्या कागदावरच्या जुन्या चिठ्ठीवर ठिकाण म्हणून कधी नुसतं ‘गोवा’ लिहिलेलं असतं. मग संगणकावर तो ठिपका राज्याच्या मधोमध टाकला जातो आणि फॉरवर्डवाला विचारतो, ‘इथे आता कारवी कुठे आहे?’ तिथे ती कधी नव्हतीच, बाबा.

चवथीला गणपतीवर बांधतात त्या माटोळीचं, म्हणजे रानफळापानांच्या छताचं, सामान आणायला रानात जाणाऱ्यांना, कुडाच्या भिंतीसाठी कारवीच्या काठ्या तोडलेल्या म्हाताऱ्यांना कुठला उतार कधी फुलला ते ठाऊक असतं. त्यांचं सांगणं कुठल्याच चिठ्ठीवर नाही.

कारवी सुरक्षित आहे असा माझा दावा नाही. रस्त्यासाठी डोंगर कापला की तिथली कारवी गेलीच. पण ते दाखवायचं तर जुन्या चिठ्ठीवरचं ठिकाण वाचून त्याच उतारावर जावं लागेल. फुलांची वाट पाहायचीही गरज नाही, पावसाळ्यात पानं ओळखणारं कुणीतरी सोबत असलं की पुरे.