हत्ती पकडून लांब सोडला की प्रश्न मिटतो? नाही मिटत

सध्या पुण्यातल्या बऱ्याच ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, आधी सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग ऑफिसच्या, मग ट्रेकवाल्यांच्या. थोडक्यात असा: सिंधुदुर्ग-कोल्हापुरातले हत्ती आपले नाहीतच, कर्नाटकातून घुसलेत, पकडून लांबच्या जंगलात सोडले की विषय संपला, तोवर फटाके फोडा, हत्ती पळतो, आणि शेतकऱ्याला भरपाई मिळतेच, मग ओरड कशाला. माझं माहेर चंदगड तालुक्यातलं, भाऊ अजून तिथंच भात-ऊस करतो, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही.

पहिलं, "घुसलेत". 2002 च्या सुमारास कर्नाटकातल्या दांडेलीच्या बाजूने हत्ती सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात उतरले हे खरंय. पण दांडेली, तिळारी, चंदगड, आजरा हा सगळा एकमेकाला लागून असलेला डोंगरपट्टा आहे, हत्तीला मध्ये कुठे राज्याची हद्द कळणार? तिकडे काळी नदीवरची धरणं, खाणी, रस्ते यांनी जंगलाचे तुकडे पडत गेले, आणि इकडे तिळारीला पाणी, बांबू, केळी, फणस सगळं आहे. वीस वर्षं उलटून गेली, पिल्लं इथंच जन्मली आणि मोठी झाली. त्यांना परत पाठवायचं म्हणजे नक्की कुठं?

आता पकडून सोडायचं. यावर जास्त लिहिते कारण लोकांना हाच मुद्दा सगळ्यात पटतोय, आणि पुण्याच्या माणसाला तरी तो पटायला नको कारण असा प्रयोग आपल्याच जिल्ह्यात झालाय. जुन्नरला 2001 च्या आसपास उसातले बिबटे पिंजऱ्यात धरून दुसरीकडे सोडायला सुरुवात झाली. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला, त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले व्हायचे ते त्या काळात 17 वर गेले. प्राण्याला त्याच्या ओळखीच्या जागेतून उचलून अनोळखी ठिकाणी टाकलं की तो बिथरतो, भटकतो, परत यायला बघतो. हत्तीचंही तेच. श्रीलंकेत 12 नर हत्तींना माग काढणारी कॉलर लावून नॅशनल पार्कात नेऊन सोडलं, बरेचसे तिथं थांबलेच नाहीत, काही मूळ जागी परतले, काही वाटेतल्या नवीन गावांत शिरले. 2012 साली हे छापून आलंय. कर्नाटकात हासनच्या आलूर भागात 22 हत्ती पकडून हलवले, आज तिथं पुन्हा हत्ती आहेत, कारण खायला-प्यायला असलेली मोकळी जागा शेजारचे हत्ती भरून काढतात.

आणि आपल्याकडे पकडलेच नाहीत असंही नाही. 2015 च्या फेब्रुवारीत सिंधुदुर्गात माणगाव खोऱ्यात कर्नाटकातून कुनकी (म्हणजे शिकवलेले, माणसाळलेले) हत्ती आणून तीन नर पकडले. त्यातले दोन नंतर कॅम्पातच मेले. दोडामार्गातला, चंदगडातला त्रास थांबला का? नाही. माणसांच्या जिवावर उठलेला एखादा हत्ती पकडावा लागतो, त्याला माझा विरोध नाही, पण तो शेवटचा उपाय आहे, सगळ्याच हत्तींना लावायचा नियम नाही.

फटाक्यांचं म्हणाल तर पहिल्या काही वेळा हत्ती हलतो, मग सरावतो, आणि हलला तरी जातो कुठं तर शेजारच्या वाडीत, तेही अंधारात आणि चिडलेला. 2025 मध्ये ओंकार नावाचा हत्ती बांद्याकडे आणि गोव्यात पेडण्यात फिरत होता तेव्हा बघ्यांची केवढी गर्दी होती. मोबाईल घेऊन मागे धावणाऱ्यांना वाचवायचं की हत्तीला वाट द्यायची, फॉरेस्टच्या माणसांनी करायचं काय?

भरपाईवर मला सगळ्यात जास्त राग आला. माणूस गेला तर 25 लाख आहेत, पण माणूस परत येत नाही. आणि बागेचं बघा, हत्ती माडाचा कोवळा गाभा खायला अख्खं झाड पाडतो. माड धरायला पाच-सात वर्षं लागतात, सुपारीला तेवढीच, मग ते झाड कित्येक वर्षं घर चालवतं. पंचनाम्यात लिहिला जातो एक आकडा, तो हातात येईपर्यंत हेलपाटे, आणि पुढच्या वर्षांचं उत्पन्न कुठं मोजतात? ऊस-भाताचं एक वर्ष जातं, माडाचं अर्धं आयुष्य जातं. रात्रभर राखण करून सकाळी कामाला लागणाऱ्या माणसाला "ओरड कशाला" म्हणू नका, कळकळीनं सांगते.

मग करायचं काय? तमिळनाडूत वालपराईला चहाच्या मळ्यांतून हत्ती ये-जा करतात, तिथं लक्षात आलं की बरेच मृत्यू हत्ती जवळ आहे हे माहीतच नसल्यामुळे होतायत. मग एसएमएस, लोकल केबलवर सूचना, मोबाईलवरून चालू होणारे लाल दिवे असं सुरू केलं आणि मृत्यू कमी झाले. दोडामार्ग-चंदगडात हे नीट, कायमचं व्हायला पाहिजे, त्यासोबत देखभाल होणारं सौर कुंपण आणि झाडाच्या उरलेल्या आयुष्याचा हिशोब धरणारी भरपाई. कुंपणात थेट मेनलाईनचा करंट सोडायचा नाही, त्यात हत्तीही मरतो आणि शेजारचं पोरही.

ग्रुपवर ज्यांचं गाव त्या पट्ट्यात आहे त्यांनी घरच्यांना एवढं कळवा: नुकसान झालं की 3 दिवसांच्या आत फॉरेस्टला लेखी अर्ज द्या, फोटो काढा, पंचनामा होईपर्यंत पडलेलं झाड हलवू नका. वनविभागाची हेल्पलाईन 1926.