दहा-शून्यला हसणाऱ्या माझ्या वर्गमित्रास

आज सकाळी शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने क्लिप टाकली. स्पेन विरुद्ध ताहिती (पॅसिफिक महासागरातलं बेट), २०१३. दहाच्या दहा गोल एकामागोमाग, मागे सर्कशीतलं वाजवतात तसलं म्युझिक. खाली साहेबांचं वाक्य : "आता वर्ल्डकपला ४८ टीम. असली बेटं आणून भरणार. त्यापेक्षा आपल्या आळीतली पोरं बरी." त्यावर हसून लोळणारे चेहरे, पंधरा तरी असतील. एकाने तर कुरासाव हे नेलपॉलिशचं नाव आहे का म्हणून विचारलं. दीड लाख वस्तीचं बेट २०२६ च्या वर्ल्डकपला पात्र ठरलं, आणि आमच्यातल्या पदवीधराला नेलपॉलिश सुचलं.

मी तिथेच उत्तर लिहायला घेतलं होतं, पण लांबत गेलं. ग्रुपवर वाचतो कोण? तिथे गुड मॉर्निंग आणि भावपूर्ण श्रद्धांजली एवढंच चालतं. म्हणून इथे.

तर मित्रा, ती ताहिती ब्राझीलला लॉटरी लागून गेली नव्हती. ती जिथून गेली ते मैदान मी पाहिलंय. घामाने निथळत, सुपारी लागलेल्या अवस्थेत पाहिलंय.

२०१२ चा जून. मी तेव्हा ओंडके वाहणाऱ्या जहाजावर मोटरमन, म्हणजे इंजिनरूममधला खलाशी, होतो. सॉलोमन बेटांतून लाकूड भरायचं, चीनला उतरवायचं. होनियारा या तिथल्या राजधानीच्या बाहेर नांगर टाकून पडलो होतो. त्या पाण्याखाली दुसऱ्या महायुद्धातली इतकी जहाजं बुडालेली आहेत की त्या सामुद्रधुनीला लोखंडी तळाची म्हणतात. आमचा सेकंड इंजिनियर रोज एकदा तरी म्हणायचा, नांगर कुणाच्यातरी खोपडीत अडकेल रे. ८ जूनला शोअर लीव्ह मिळाली. साबण, सिमकार्ड आणि जमलं तर ताजी मासळी, एवढ्यासाठी उतरलो. बघतो तर सगळं गाव एका दिशेने चाललेलं. मीही चाललो.

लॉसन तामा हे मैदान म्हणजे काय, तर एका अंगाला सरळ टेकडीच आहे. लोक टेकडीच्या उतारावर गवतात बसतात, आपल्याकडे जत्रेत दशावतार बघायला वरच्या बांधावर बसतात ना, तसं. ओशनियाच्या, म्हणजे पॅसिफिकमधल्या बेटांच्या, नेशन्स कपची सेमीफायनल होती, यजमान सॉलोमन विरुद्ध ताहिती. मला यातलं काहीही माहीत नव्हतं. मी एका म्हाताऱ्याच्या बाजूला जागा बघून टेकलो. त्याने कपाळाला छोटा झेंडा बांधलेला, निळा-हिरवा, मधे पिवळी तिरकी पट्टी. मांडीवर पिशवी. त्याने पिशवीत हात घातला आणि काय काढलं असेल? सुपारी! ओली, हिरवी, सालासकट.

मी गुहागर तालुक्यातला. आजोबांची वाडी होती, पोफळीच्या सावलीत वाढलो. हजारो मैलांवर कुणीतरी दाताने साल सोलून सुपारी तोंडात टाकतो, वर बाटलीतला चुना घेतो आणि आपल्यापुढे धरतो, तेव्हा नाही कसं म्हणायचं? पानाऐवजी त्यांच्याकडे त्या वेलीची लांबट शेंग असते, ती चुन्यात बुडवायची आणि चावायची. मी ऐटीत चावली. दोन मिनिटांत कानशिलं तापली, दरदरून घाम, मैदान गोल फिरायला लागलं. वाडीवाल्याच्या नातवाला सुपारी लागली! म्हातारा इतका हसला की त्याच्या तोंडातलं लाल माझ्या शर्टावर. तो डाग गेला नाही.

आणि माझं डोकं गरगरत असतानाच, पंधराव्या मिनिटाला, ताहितीचा गोल. जोनाथन तेहाऊ. सगळी टेकडी गप्प. हजारो माणसं एकदम गप्प होतात तो आवाज वेगळा असतो.

हे तेहाऊ प्रकरण सांगायलाच हवं. लोरेन्झो आणि आल्विन जुळे, जोनाथन त्यांचा भाऊ, आणि तेआओनुई चुलतभाऊ. त्याच स्पर्धेत ताहितीने सामोआला १०-१ हरवलं, त्यातले नऊ गोल या चौघांचे. म्हणजे मित्रा, दहा गोल करताही येतात त्यांना. ती क्लिप तुला कुणी पाठवली नाही वाटतं?

तो सामना १-० असाच संपला. उतारावर एकही माणूस पाच मिनिटं उठला नाही. म्हाताऱ्याने कपाळाचा झेंडा सोडला, चुन्याची बाटली त्यात गुंडाळली, नीट गाठ मारली, पिशवीत ठेवली. मला वाटलं, निघाला. तर हा उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. खालून ताहितीची पोरं चालली होती, त्यांच्यासाठी. मी आपला भारतीय माणूस, मला वाटलं याचं पण डोकं फिरलं सुपारीने.

त्याच दिवशी त्याच मैदानावर न्यू कॅलेडोनियाने न्यूझीलंडला २-० पाडलं होतं. न्यूझीलंड म्हणजे या बेटांमधले खोत. दोनच वर्षांपूर्वीच्या वर्ल्डकपात एकही सामना न हरलेला जगातला एकमेव संघ, तिन्ही बरोबरीत. आणि आधीचा मोठा खोत ऑस्ट्रेलिया २००६ मध्येच वाडी सोडून आशियात गेलेला. तोवरचे सगळे कप या दोघांनीच वाटून घेतले होते, चार-चार. १० तारखेच्या फायनलला आम्ही पुन्हा ओंडके भरत होतो. स्टीव्ही चॉन्ग ह्यू नावाच्या पोराने दहाव्या मिनिटाला गोल केला, ताहिती १, न्यू कॅलेडोनिया ०. खोतांच्या बाहेर पहिल्यांदा कप गेला. आम्हाला हे एजंटच्या लाँचवाल्याने सांगितलं, तेही मासळीचा भाव सांगता सांगता.

म्हणून कॉन्फेडरेशन्स कप, म्हणजे खंडाखंडांच्या विजेत्यांची स्पर्धा. म्हणून ब्राझील. म्हणून स्पेन. त्यांच्या महासागरात त्यांना कुणी हरवू शकलं नाही, म्हणून. कळलं?

ताहिती आणि होनियारा यांच्या मधे वाररेषा आहे रे. एकीकडे शुक्रवार असतो तेव्हा दुसरीकडे गुरुवार. शेजारच्या गावाशी मॅच खेळायची तर विमान. ताहिती ज्यात येतं त्या अख्ख्या फ्रेंच पॉलिनेशियाची वस्ती पावणेतीन लाखांच्या घरात, आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या पावपटसुद्धा नाही. आणि ब्राझीलला गेलेल्या त्या संघात धंदेवाईक खेळाडू किती? एक. मारामा वाहिरुआ. बाकी कुणी सामान पोचवणारा, कुणी हिशेब लिहिणारा, कुणी बेकार. स्पेनपुढे गोलात उभा राहिलेला मिकाएल रोश हा शाळेतला पीटीचा मास्तर. समोर टोरेस, व्हिया, सिल्वा, माता. जगज्जेते. पीटीच्या मास्तरने दहा घेतले यात हसण्यासारखं काय आहे? आपल्या पीटीच्या सरांना आठव, आणि मग हस.

बरं, मान्य. तीन सामन्यांत २४ गोल खाल्ले. नायजेरिया ६-१, स्पेन १०-०, उरुग्वे ८-०. सामना म्हणून बघायला ते कंटाळवाणंच होतं, हेही मान्य. पुढे.

पुढे हे की स्पेनचा सामना झाला त्या माराकाना स्टेडियममधल्या सत्तर हजार लोकांना ते कंटाळवाणं वाटलं नाही. ब्राझीलच्या माणसाला फुटबॉल कळत नाही असं तू म्हणणार असशील तर बोलणंच खुंटलं. अख्खं स्टेडियम ताहितीच्या बाजूने. टोरेसने पेनल्टी आडव्या दांड्यावर मारली तेव्हा तर गोल झाल्यासारखे नाचले. आणि ही पोरं आधी काय करत होती? समोरच्या संघाच्या गळ्यात शिंपल्यांच्या माळा घालत होती. तुझ्या क्लिपमध्ये ते कापलंय.

आणि हसतोय कोण? आपण! १९५० च्या वर्ल्डकपला जागा मिळूनही ब्राझीलला न गेलेले. त्यानंतर आजपर्यंत वर्ल्डकपच्या उंबऱ्याला पाय न लागलेले. १४० कोटी. आपल्याला दहा-शून्यने हरायचीसुद्धा संधी मिळालेली नाही बाबा, आधी तिथपर्यंत तरी जा.

(हे जरा जास्त झालं. राहू दे, खोडत नाही.)

अमेरिकन सामोआचंही ऐक, कारण उद्या तू ती क्लिप टाकशील. २००१, ऑस्ट्रेलियाकडून ३१-०. पासपोर्टच्या घोळात मोठे खेळाडू गळाले, शाळकरी पोरं घेऊन उतरले. गोलात निकी सालापू. ३१ वेळा जाळ्यातून चेंडू काढायचा, जरा विचार कर, नुसतं वाकून वाकून कंबर जाईल. तोच सालापू दहा वर्षांनी, २०११ ला, टोंगाविरुद्ध गोलात उभा होता. २-१. अमेरिकन सामोआचा पहिला अधिकृत विजय. दहा वर्षं तो माणूस ते घेऊन जगला आणि परत हातमोजे घालून उभा राहिला. मी असतो तर गाव सोडलं असतं.

आता तू म्हणशील, शेवटी कप गेलाच ना खोतांकडे. गेला. २०१६ ला, २०२४ ला, दोन्हीदा न्यूझीलंड. ओशनियाला २०२६ साठी पहिल्यांदा वर्ल्डकपची थेट जागा मिळाली, तीही त्यांनीच घेतली, न्यू कॅलेडोनियाला ३-० हरवून. म्हणून बाकीच्यांनी खेळूच नये? आपल्या आळीतल्या पोरांनीही मग भात कापून झाल्यावर मळ्यात चेंडू मारू नये, काय?

मला तो म्हातारा आठवतो. राग असा चढला की तोच आठवतो. त्याचा संघ हरला होता, त्याच्या गावात, एका गोलने. ज्यांनी हरवलं त्यांच्यासाठी तो उभा राहिला. मी विचारलं त्याला, मोडक्या इंग्लिशमध्ये, का म्हणून. तो म्हणाला, "आयलंड बॉईज." एवढंच. आणि उरलेल्या तीन सुपाऱ्या माझ्या हातात कोंबल्या. मी त्या खाल्ल्या नाहीत अर्थातच. केबिनच्या खणात वाळून खडखडायला लागल्या, जहाज हललं की आवाज यायचा.

वर्षभराने, जून २०१३ ला, मी सुट्टीवर घरी होतो. नायजेरियाचा सामना आपल्याकडे रात्री साडेबाराला. बाहेर पाऊस, पागोळ्या गळतायत, आई खाटेवर अर्धवट झोपेत. मी एकटा टीव्हीपुढे. अर्ध्या तासात ताहिती तीन गोलने मागे. दुसरा हाफ सुरू झाला आणि लाईट गेली. जून महिन्यात आमच्याकडे जाते तशी गेली. पाचेक मिनिटांनी पुतण्याचा चिपळूणहून फोन, "काका, तुझ्या ताहितीने मारला!" चोपन्नाव्या मिनिटाला, हेडर, कोण? जोनाथन तेहाऊ. तोच. होनियाराची टेकडी ज्याने गप्प केली तोच. (पंधरा मिनिटांनी याच गड्याने स्वतःच्याही जाळ्यात एक घातला, ते पण लिहितो, नाहीतर तू लिहिशील.)

मी मात्र काळ्या पडद्यासमोर बसलेलो. दुसऱ्या दिवशी पुतण्या आला तेव्हा त्याच्या मोबाईलवर पाहिलं, अडकत अडकत. गोल झाल्यावर ती सगळी पोरं एकामागे एक गवतावर बसली आणि होडी वल्हवायला लागली. ब्राझीलच्या मैदानात, कोरड्या जमिनीवर.

आई मागून वाकून बघत होती. तिचं माहेर खाडीकाठचं.

"वल्ही मारतायत होय रे?" म्हणाली. "जिंकले वाटतं."

मी म्हटलं, "होय."