काकू, वेणी घातली तरी केस अडकतात, कारण फट चष्म्यात असते

नमस्कार काकू,

तुमची कमेंट वाचली. खाली दोन ओळीत उत्तर देऊन मोकळं व्हावं असं वाटलं नाही म्हणून वेगळं लिहून राहिले. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते, मागच्या पोस्टमध्ये मी चष्म्यात लांब केस अडकून ओढले जातात त्याबद्दल लिहिलं होतं, त्यावर काकूंचं म्हणणं असं की हा काही प्रॉब्लेमच नाही, केस मोकळे सोडायचे, चष्मा हेअरबँडसारखा डोक्यावर चढवायचा आणि मग ओरडायचं, त्यापेक्षा सरळ वेणी घाला. त्या स्वतः कितीतरी वर्षं जाड काळी फ्रेम वापरतात, केस कमरेपर्यंत, पण एक केस कधी अडकला नाही. सैल स्क्रूवर पारदर्शक नेलपॉलिश लावायचा माझा सल्ला म्हणजे चांगल्या फ्रेमची वाट लावणं. आणि शेल फ्रेम, म्हणजे जाड प्लास्टिकची, घ्या म्हणणं सोपं आहे, नागपूरच्या उन्हाळ्यात ती नाकावर टिकते का ते सांगा. शेवटी असंही लिहिलंय की तिसरीतल्या नातीला नवीन चष्मा लागला, तारेची नाजूक फ्रेम आहे, ती पण केस ओढतात म्हणून सारखा काढून ठेवते, दोन वेण्या घट्ट घालून दिल्या तरी ऐकत नाही.

काकू, मला वाटतं उत्तर तुमच्याच कमेंटमध्ये आहे. तुमचे केस नातीपेक्षा लांब, तरी अडकत नाहीत, आणि तिच्या वेण्या घट्ट असूनही अडकतात. म्हणजे फरक केसात नाही ना, फ्रेममध्ये आहे. जाड काळी शेल फ्रेम म्हणजे नाकावर बसणारा भाग फ्रेमचाच, त्याला वेगळे पॅड नाहीत, पॅडला धरणारी तार नाही, तारेच्या टोकाचा छोटा स्क्रू नाही. बिजागरी प्लास्टिकमध्ये आत बसवलेली, आणि दांडी उघडली की तिचं तोंड समोरच्या भागाला जाऊन सपाट टेकतं, केस शिरायला जागाच राहत नाही. तारेच्या फ्रेममध्ये हे सगळं उघड्यावर असतं. माणसाचा केस साधारण 0.05 ते 0.1 मिलिमीटर जाडीचा, त्यामुळे जी फट आपल्याला डोळ्यांनी दिसत पण नाही तिच्यात तो आरामात जातो.

आणि जातो कुठून ते बघा. वेणीतला केस अडकतच नाही, तो मागे आहे. अडकतो तो कानशिलाजवळचा, कानाच्या पुढचा, कपाळाच्या कडेचा, जो कितीही तेल लावून बसवला तरी वेणीत येत नाही. बिजागरी नेमकी तिथेच असते. ती चालते अडकित्त्यासारखी, दांडी थोडी बाहेर फाकली की कड्यांमधली फट उघडते, केस आत जातो, दांडी परत आत आली की पकडला जातो. मग आपण चष्मा ओढतो. एक निरोगी केस साधारण 100 ग्रॅमच्या आसपास वजन पेलतो म्हणतात, म्हणजे तो लगेच तुटत नाही, आधी चांगला ओढतो, डोळ्यात पाणी येतं, आणि मग एकतर मधून तुटतो नाहीतर मुळासकट येतो. केस ओले असले तर अजून वाईट, ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो, त्यामुळे सकाळी डोकं धुवून तसाच चष्मा चढवून शाळेत ऑफिसात पळणाऱ्यांना हा त्रास जास्त.

घट्ट वेणीबद्दल मात्र मला जरा स्पष्ट बोलायचंय, राग मानू नका. रोज खूप घट्ट बांधलेले केस कपाळाच्या आणि कानशिलाच्या रेषेवर सतत ताण देतात, आणि वर्षानुवर्षं तसं चाललं तर तिथले केस विरळ होतात, त्वचारोगाचे डॉक्टर याला ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात. म्हणजे ज्या जागी चष्मा केस ओढतो त्याच जागी घट्ट वेणी पण ओढते, पोरीला दोन्ही बाजूंनी त्रास. वेणी घाला ना, सैलसर घाला, कानाजवळचे केस एका छोट्या क्लिपने मागे घ्या, ते पुरे.

आता फट शोधायची कशी. देवघरातला वातीचा कापूस घ्या, थोडा मोकळा करा आणि चष्म्यावरून सगळीकडे हलक्या हाताने फिरवा, नाकाच्या पॅडच्या मागून, बिजागरीच्या आतून बाहेरून, दांडी उघडी असताना आणि अर्धी मिटलेली असताना, आणि कानामागच्या टोकापर्यंत. जिथे तंतू राहतो तिथे केस अडकतो. एवढं सोपं आहे. बहुतेक वेळा तीनच जागा निघतात, बिजागरीचा सैल झालेला स्क्रू, पॅड आणि त्याला धरणाऱ्या पत्र्याच्या मधली जागा, आणि मेटल दांडीच्या टोकाला जी प्लास्टिकची टोपी असते तिचं तोंड, जिथे ती तडकलेली किंवा सरकलेली असते. ही तिसरी जागा कोणी बघतच नाही, आणि मानेजवळचे बारीक केस तिथेच ओढले जातात, लोकांना वाटतं केस वरून अडकला. रिमलेस, म्हणजे काचेभोवती कड नसलेली फ्रेम असेल तर काचेच्या मागे निघालेली स्क्रूची टोकं पण बघा.

स्क्रू सैल असेल तर बर्डीवर (सीताबर्डी बाजारात) कुठल्याही चष्म्याच्या दुकानात जाऊन आवळून घ्या, पाच मिनिटं लागतात, बरेच दुकानदार त्याचे पैसे पण घेत नाहीत. पॅड पिवळे पडून कडक झाले असतील तर बदला, ती काही जन्मभराची वस्तू नाही, घाम आणि तेलाने ते कडक होतात आणि वाकडे बसतात. पॅडभोवती हिरवट मळ साचतो ना, तो धातूतलं तांबं आणि आपला घाम यांच्यातून येतो, तो खरबरीत असतो आणि त्यालाही केस धरतो. कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब, जुना मऊ ब्रश, झालं, फक्त ब्रश काचेवर घासू नका. दोन्ही पॅड एकाच सिलिकॉनच्या पट्टीने जोडलेले पण मिळतात, तारेच्या फ्रेमला ते बसत असतील तर जरूर लावा, नाकावर आरामशीर बसतात आणि केसाला आत शिरायला जागा कमी राहते.

नेलपॉलिशचं. तुमची काळजी बरोबर आहे, म्हणूनच मी पोस्टमध्ये फक्त मेटल फ्रेम म्हटलं होतं, इथे परत सविस्तर लिहिते कारण अर्धवट वाचून कोणी केलं तर खरंच नुकसान होईल. आधी स्क्रू आवळायचा, पुसून कोरडा करायचा, मग पारदर्शक नेलपॉलिश टूथपिकच्या टोकावर घेऊन स्क्रूच्या डोक्यावर आणि खालच्या टोकावर टेकवायचं, बस. त्याने स्क्रू लवकर परत सैल होत नाही आणि त्याची धार झाकली जाते. बिजागरीच्या फिरणाऱ्या कड्यांमध्ये सोडायचं नाही, दांडी जाम होईल. काचेला लागू द्यायचं नाही. शेल फ्रेमवर अजिबात नाही, नेलपॉलिशमधलं सॉल्व्हंट त्या प्लास्टिकची चमक घालवतं. आणि चुकून लागलंच तर रिमूव्हरची बाटली तर हातात पण घेऊ नका बाप्पा, त्यातलं ॲसिटोन शेल फ्रेमचं ॲसिटेट प्लास्टिक अक्षरशः विरघळवतं, पॉलिकार्बोनेटच्या काचा धुरकट करतं. तशी वेळ आली तर दुकानातच दाखवा.

उन्हाळ्याचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. खरंय, मे महिन्यात पारा 45 च्या वर, नवतपा चालू, नाकावर घाम, आणि जड शेल फ्रेम घसरते, मग आपण दर दोन मिनिटांनी ती वर ढकलतो किंवा कंटाळून डोक्यावर चढवतो. पण घसरण्याचं कारण बऱ्याचदा नाकात नसून कानामागे असतं. शेल फ्रेमची दांडी गरम करून वाकवता येते, दुकानात त्यासाठी हिटर असतो, कानाच्या मागे बरोबर वळण दिलं की फ्रेम पुढे येत नाही. बहुतेक लोक फ्रेम घेताना हे करूनच घेत नाहीत, आहे तशी घालून निघतात. नाकाच्या जागी चिकटवायचे छोटे सिलिकॉनचे पॅड पण मिळतात, घामात काही दिवसांनी सुटतात, पण स्वस्त आहेत, बदलता येतात. आणि वजनाचा त्रास असेल तर टीआर नावाच्या प्लास्टिकची फ्रेम हलकी असते, लवचिक असते, तिच्यात नाकाचा भाग फ्रेमचाच असलेली डिझाइन मिळते, फक्त ती गरम करून शेलसारखी मनासारखी वाकवता येत नाही, म्हणून घालून, खाली वाकून, मान हलवून बघूनच घ्यावी.

आपल्याकडे अजून एक गोष्ट आहे जी मागच्या पोस्टमध्ये राहिली, स्कार्फ. उन्हात गाडी चालवताना आपण सगळ्याच तोंडाला स्कार्फ बांधतो, त्याशिवाय इलाजच नाही. चष्मा आधी घालून त्यावरून स्कार्फ गुंडाळला की दांड्या डोक्यावर दाबल्या जातात, केस बिजागरीत कोंबले जातात, आणि उतरल्यावर घाईघाईत स्कार्फ ओढला की चष्मा आणि केस सोबतच ओढले जातात. आधी स्कार्फ बांधा, मग दांड्या कापडाच्या वरून किंवा कानाजवळच्या घडीतून सरकवा, आणि काढताना पहिले चष्मा. हेल्मेटचं पण तेच, हेल्मेट घालून झाल्यावर चष्मा आत सरकवायचा आणि हेल्मेट काढायच्या आधी चष्मा काढायचा. गाडी पार्क करून चष्मा कारच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, बंद गाडीतल्या उष्णतेने शेल फ्रेम वाकते, दांड्या फाकतात, काचेच्या कोटिंगला बारीक तडे जातात.

डोक्यावर चढवायच्या सवयीबद्दल आपलं एकमत आहे. त्याने दांड्या बाहेर फाकतात कारण डोकं वर जास्त रुंद असतं, बिजागरी सैल होते, आणि तारेच्या फ्रेमचे दोन्ही पॅड केसात आकड्यासारखे रुततात. फक्त मी त्याला मुलींची बेशिस्त म्हणणार नाही. वाचायचा चष्मा असेल, स्वयंपाक करताना वाफ येत असेल, तर माणूस करेल काय, दोन्ही हात भरलेले असतात. ज्यांना चष्मा वर चढवावाच लागतो त्यांनी पॅडवाली फ्रेम घेऊच नये, एवढंच माझं म्हणणं. आणि काढताना दोन्ही हातांनी, सरळ समोर. एका हाताने तिरपा ओढला की त्या बाजूची दांडी फाकते आणि बिजागरी एकाच बाजूने झिजते.

अडकलाच तर ओढायचं नाही. चष्मा डोक्याजवळच धरून ठेवायचा म्हणजे केसावर ताण राहत नाही, मग दांडी हळूहळू उघड मीट करायची, जिथे फट उघडते तिथे केस आपोआप सुटतो. पॅडमध्ये असेल तर पॅड बोटाने थोडा फिरवायचा. कात्री अगदी शेवटी.

आता तुमच्या नातीचं, खरं तर यासाठीच एवढं लिहिलं. तिला ओरडू नका काकू. मोठ्या माणसाचा एक केस ओढला गेला तर तो वैतागतो आणि विसरतो, लहान पोरगी चष्माच काढून ठेवते, आणि तो तर दिवसभर डोळ्यावर राहायला हवा. एका डोळ्याचा नंबर दुसऱ्यापेक्षा बराच जास्त असला आणि चष्मा नीट वापरला गेला नाही तर मेंदू त्या डोळ्याचं चित्र घेणं कमी करतो, डोळा आळशी पडतो, आणि यावरचा उपचार सात आठ वर्षांच्या आत सगळ्यात चांगला लागू पडतो, नंतर कठीण होत जातं. ती आत्ता त्या वयाच्या काठावरच आहे. म्हणून केस ओढतात हे तिचं कारण नखरा समजू नका, ती तुम्हाला चष्म्याचा दोष सांगून राहिली आहे.

या रविवारी तिला सोबत घेऊनच दुकानात जा. आधी आत्ताच्या फ्रेमचे स्क्रू आणि पॅड बघायला सांगा, कदाचित तेवढ्यानेच काम होईल. नवीन घ्यायचीच झाली तर नाकाचा भाग फ्रेमचाच असलेली हलकी प्लास्टिकची फ्रेम मागा, दांडी पूर्ण उघडून बिजागरीजवळ नख लावून बघा, नख आत गेलं तर ती परत ठेवा. स्प्रिंगवाली दांडी मुलांसाठी चांगली, एका हाताने ओढली तरी लवकर सैल होत नाही, पण स्प्रिंगचा भाग पूर्ण झाकलेला आहे ना ते बघा. दांड्या तिच्या कानाच्या मापाने वळवून घ्या. आणि कोणती घालायची ते तिलाच ठरवू द्या, आरशासमोर तिने चष्मा दोन तीनदा घालून काढू दे, केस मोकळे ठेवून. काय झालं ते इथे कळवा, आणि दुकानदाराने काही वेगळं सांगितलं तर ते पण लिहा.